एक हजार दोन

मामा – लाल दिवा लागलाय म्हणजे लागलाय! आता तो किती लाल आहे ते फोनवर काय सांगू तुला?

भाची – मामा, दिवा राहू दे. पडद्यावर काय लिहिलंय ते वाच. सगळं वाच, मधलं गाळू नकोस.

मामा – चष्मा कुठंय... हां. 'ट्रे वळवणे बंद. शेवटचं वळण सकाळी सहा वाजता.' आत्ता सव्वा वाजलाय. म्हणजे सात तास झाले, पोरी! अंडी उबवायच्या दोन्ही मशीनचे ट्रे सकाळपासून तसेच. मोठ्या मशीनमधली अंडी सोळाव्या दिवसाची आहेत, ती निभावतील एक वेळ. पण धाकट्यात चौथा दिवस चालू आहे. चौथा!

भाची – तासातासाला कलवली नाहीत तर गर्भ कवचाला आतून चिकटतो. माहीत आहे मला. लहानपणापासून ऐकतेय तुझ्याकडून.

मामा – चार हजार अंडी आहेत आत. साडेसातला पिल्लांच्या गिऱ्हाइकाला भेटायला बाहेर पडलो तो आत्ता येतोय. दार उघडलं तर हे.

भाची – तापमान किती दिसतंय?

मामा – साडेसदतीस. दोन्हीकडे.

भाची – म्हणजे मी बसवलेली संगणकाची डबी जिवंत आहे. बरं, आधी मशीनच्या मागे जा आणि हाताचा दांडा ओढ. दोन्ही मशीनचा. मग बोलू.

मामा – तो दांडा नेहमी तात्या ओढतो. माझा खांदा...

भाची – मामा.

मामा – जातो, जातो. फोन स्पीकरवर ठेवून खिशात टाकतोय... हं! ओढला. हा दुसरा... ओढला. कलले ट्रे. दांडा अगदी लोण्यासारखा फिरला गं. मला वाटलं गंजला असेल. आणि इथं मागे स्टूल कोणी आणून ठेवलंय? तुझ्या मामीचं विणकाम पडलंय त्यावर. ही बाई कुठं काय विसरेल काही नेम नाही.

भाची – विणकाम राहू दे. आता तासभर तरी निभलं. तात्यांना फोन दे, दोन मिनिटांत शोधून काढू काय बिघडलंय ते.

मामा – तात्या नाही.

भाची – जेवायला गेलेत?

मामा – नाही.

भाची – मग?

मामा – गेला. म्हणजे मी म्हटलं जा, तर गेला. सकाळी साडेसहाला. थोडी बोलाचाली झाली आमची.

भाची – थोडी? बावीस वर्षं जो माणूस आजारपणात सुद्धा ट्रे बघायला यायचा, तो थोड्या बोलाचालीवर गेला?

मामा – तू त्याचीच बाजू घेणार, मला ठाऊक होतं. ऐकून तरी घे. गिऱ्हाइकाला पिल्लं एक दिवस आधी हवीत. मी म्हटलं, मोठ्या मशीनचं तापमान जरा वर नेऊ, लवकर फुटतील. तात्या म्हणाला नाही. मी म्हटलं, तू नको करूस, मी करतो. गेलो पडद्यापाशी, टाकलं माझं नाव, माझा पासवर्ड, दाबलं बटण. तर काय यावं? 'परवानगी नाही. तुम्ही बघणारे या गटात आहात.' बघणारे! शेड माझी, मशीन माझं, वीज माझी, आणि माझ्याच मशीनवर मी बघ्या?

भाची – अच्छा. ते कळलं तर तुला शेवटी.

मामा – म्हणजे तुला माहीत होतं?

भाची – पुढे काय झालं ते सांग.

मामा – पुढे काय. मी विचारलं, हे कोणी केलं? म्हणाला, मी केलं. तोंडावर, शांतपणे. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, चालता हो. त्यानं टॉवेल खुंटीला लावला आणि गेला. माझं नाव बंद केलं तर मागे त्याचं खातं पडद्यावर उघडंच होतं. 'माणसं' असं बटण आहे ना तुझं, ते दाबलं. तात्यावर बोट ठेवलं. विचारलं, 'काढू का?' म्हटलं, काढ. विषय संपला.

भाची – मामा! तात्यांचं खातंच काढलंस?

मामा – माणूस गेला, मग नाव कशाला ठेवायचं?

भाची – अरे देवा. थांब, मला बसू दे. नंतर त्यानं अजून एक विचारलं असेल. 'यांच्या फायलीही काढू का?' त्यावर काय दाबलंस? आठवून सांग.

मामा – नाही दाबलं.

भाची – नक्की 'नाही' दाबलंस, की काही दाबलंच नाहीस?

मामा – 'नाही' दाबलं. आत त्याची वही आहे ना. डबी आल्यापासून रोज लिहितो, कुठल्या ट्रेला काय झालं, कुठली अंडी कुणाकडची. चार वर्षांचं लिखाण आहे. रागावलो होतो, पण ते कसं पुसणार?

भाची – तेवढ्यानं वाचलास बघ. वहीच्या शेजारीच कामाची यादीही ठेवलेली आहे. आता असं कर, 'फायली' उघड. बघणाऱ्याला बघता येतं सगळं. 'ट्रे वळवणे' अशी एक फाईल दिसेल. तिच्यापुढे मालक कोण लिहिलंय?

मामा – मालक... 'एक हजार दोन'. हा कोण आता?

भाची – तेच तात्या. डबीला नावं आपल्यासाठी लागतात, ती स्वतः प्रत्येकाला आकड्यानं ओळखते. तू नाव पुसलंस, आकडा राहिला. दर तासाला ट्रे कलवायचं काम तात्यांच्या नावावर होतं. सात वाजता डबीनं बघितलं, हे काम सांगणारा एक हजार दोन कोण? असा कोणी इथं नाही. मग तिनं ते काम सोडून दिलं.

मामा – पण तापमान तर चालू आहे.

भाची – ते मशीनच्या स्वतःच्या नावावर आहे. ट्रेचंही तसंच ठेवायला हवं होतं, ती चूक माझी. डबी बसवली त्या दिवशी तात्या शेजारी उभे राहून सांगत होते, कुठं किती कलवायचं ते. मी त्यांच्याच खात्यातून लिहीत गेले. म्हटलं, बदलू नंतर. आणि राहिलं.

मामा – मग आता घाल त्याला परत. तिथून.

भाची – इथून कसं घालू? तूच म्हणाला होतास, मशीन इंटरनेटला जोडायचं नाही. बरोबरच म्हणाला होतास.

मामा – मग मी घालतो. सांग कुठलं बटण.

भाची – तू बघणारा आहेस. नवीन माणूस घालायचा तर किल्लीवाल्यांच्या गटातला कोणीतरी लागतो.

मामा – किल्लीवाले म्हणजे?

भाची – ॲडमिन. तो शब्द दिसला की तू घाबरून पडद्याला हात लावत नव्हतास, म्हणून किल्लीवाले असं नाव दिलं.

मामा – तू असशीलच की त्यात.

भाची – नाही. काम झालं की दुसऱ्याच्या घरची किल्ली आपल्याकडे ठेवायची नाही, असा माझा नियम आहे. मी माझं खातं त्याच दिवशी काढलं.

मामा – म्हणजे एकटा तात्या होता, आणि त्याला मी काढला. म्हणजे घर बंद करून किल्ली आत टाकली मी! आता ते चार हजार जीव... मी दांडा ओढत बसू का रोज चोवीस तास, चौदा दिवस?

भाची – शेवटचा उपाय आहे एक. मी वायर घेऊन यायचं, डबी उघडायची, थेट आतून बोलायचं. पण मी पोचेपर्यंत संध्याकाळ होईल, आणि तेवढा वेळ डबी बंद ठेवावी लागेल. म्हणजे तापमानही गेलं.

मामा – नको, नको! तापमानाला हात नको. तुझ्या पाया पडतो. त्या तात्यानं मला बघ्या केला नसता तर ही वेळच आली नसती. माझा काय गुन्हा होता, एवढं तरी सांग!

भाची – सांगू?

मामा – सांग की.

भाची – मी सांगणार नव्हते. तात्यांनी शपथ घातली होती. पण आता ऐक. मागच्या उन्हाळ्यात मोठं मशीन भरलेलं असताना सगळी पिल्लं कवचातच मेली. आठवतंय?

मामा – विसरेन का? तात्यानं आकडा चुकीचा टाकला होता. स्वतः कबूल केलं त्यानं.

भाची – डबी सगळं लिहून ठेवते, मामा. कोणी, कधी, काय केलं. तात्यांनी मला बोलावून ती नोंद दाखवली होती. दुपारी सव्वातीन. एकोणचाळीस अंश. खातं, मालक.

मामा – मालक? म्हणजे मी?

भाची – तुला थोडंसंच वाढवायचं असेल. बोट सरकलं असेल, तुझं तुलाही कळलं नसेल. मी म्हटलं, मामाला सांगू या. तर म्हणाले, नको, त्यांनी उभी केलेली शेड आहे, त्यांना झोप लागणार नाही. आणि तूच सगळ्यांसमोर त्यांना नाही नाही ते बोललास. ते खाली बघून ऐकत राहिले. मग त्यांनी स्वतःच तुला बघणाऱ्यांत घातलं, म्हणजे पुन्हा तुझ्या हातून होणार नाही. ऐकतोयस ना?

मामा – ऐकतोय.

भाची – काय काय बोललास, आठवतंय ना?

मामा – सगळ्यांसमोर बोललो मी त्याला. गिऱ्हाईक उभं होतं, तुझी मामी उभी होती. म्हटलं, तुझे डोळे गेलेत, आता घरी बस. आणि तो... च्यायला. आज पुन्हा तेच. बावीस वर्षं साथ दिलेल्या माणसाला मी खुंटीला टॉवेल लावायला लावला. लाज वाटते गं मला.

भाची – वाटू दे थोडी. पण आधी अंडी. मला एक आठवतंय. मी जाताना तात्यांना बजावलं होतं, किल्ली एकाच माणसाकडे ठेवू नका, उद्या तुम्ही आजारी पडलात तर? कुणाला तरी दुसरी किल्ली द्या. त्यांनी दिली की नाही ते मला माहीत नाही. 'गट' उघड. 'किल्लीवाले'वर बोट ठेव. कोण आहे तिथं?

मामा – थांब. हां... एक नाव आहे! आहे एक! 'वहिनी'.

भाची – वा, तात्या!

मामा – वहिनी? ही कोण वहिनी? इथं कोणी वहिनी कामाला नाही. झाडायला येते तिला तो बाई म्हणतो.

भाची – मामा, तात्या वहिनी कुणाला म्हणतात?

मामा – तुझ्या मामीला म्हणतो. पण ती कशाला... अगं, ती साधा टीव्हीचा रिमोट माझ्याकडे देते!

भाची – तू आनंदानं घेतोस म्हणून देत असेल. हाक मार तिला.

मामा – अगं ए! ऐकतेस का? जरा शेडमध्ये ये! धावत ये!

मामी – धावत कशाला? दारातच उभी आहे मी. दीडला दांडा ओढायला आले होते, तर तुम्ही आधीच हजर.

मामा – दांडा? तू?

मामी – आठपासून दर अर्ध्या तासाला. म्हटलं, चौथ्या दिवसाची आहेत, तासाभराची वाट कशाला बघा. तुम्हाला तेल लागलेलं दिसलं नाही का दांड्याला? स्टूल दिसलं नाही? शेड झाडायला माणूस लावता तुम्ही, पण डोळे उघडायला कोण लावायचं?

भाची – मामी! म्हणजे अंडी वळवलेली आहेत सगळी?

मामी – एकही वेळ चुकवली नाही, बाळा. हाताच्या वळणाची नोंद डबी करत नाही, म्हणून ती सहाच्या वळणावरच अडून बसलीय. उजेडात धरून दोन अंडीही बघितली मी. शिरा लालभडक, ठिपका हलतोय.

मामा – हलतोय? खरंच हलतोय? जीव भांड्यात पडला गं माझा! दे ते स्टूल, बसतो जरा.

भाची – मी तर आधीच बसलेय. पण मामी, तुला कळलं कसं?

मामी – तात्यांचा फोन आला आठला. वहिनी, सातचं वळण झाल्याचा आवाज आला नाही, आठचाही नाही, बघता का. मी येऊन बघितलं. माझं नाव टाकून आत गेले, तर यादीत तात्या नाहीत. त्यांना तसं सांगितलं. मग म्हणाले, दांडा ओढत राहा.

मामा – तुला तेव्हाच कळलं होतं, तुझ्याकडे किल्लीही होती, तर तिथल्या तिथं त्याला परत का नाही घातलंस?

मामी – मी तेच म्हटलं त्यांना. तर म्हणाले, मालकांचं मशीन आहे, त्यांनी मला काढलंय, त्यांना विचारल्याशिवाय मला परत घालायचं नाही. अंडी तुम्ही सांभाळा, नाव त्यांना सांभाळू दे. मी फोन केला असता तुम्हाला, पण म्हटलं, बाजारात चारचौघांत हे कशाला. याल तेव्हा बोलू.

मामा – थांब. आवाज आला नाही म्हणालीस. सात किलोमीटरवर त्याचं घर. तिथून ट्रेचा आवाज कसा येणार त्याला?

मामी – घरी कुठं गेलेत? समोर सायकलच्या दुकानात बसलेत सकाळपासून. त्या बाकावरून आपले पंखे आणि ट्रे ऐकू येतात. मी पोळीभाजी देऊन आले मघाशी.

मामा – समोर? रस्त्यापलीकडे? मी येताना त्या दुकानावरूनच आलो की.

मामी – त्यांनी बघितलं तुम्हाला. म्हणाले, मालक दमून आलेत, आधी पाणी द्या.

भाची – मामा, रडतोयस का?

मामा – नाही. चष्मा पुसतोय. तू तुझं काम सांग, दोन वाजायला आलेत.

भाची – बरं. मामी, तुझं नाव टाक. पासवर्ड आठवतोय ना?

मामा – काय आहे पासवर्ड?

मामी – सांगायचा नसतो. तिकडे बघा तुम्ही. हं, गेले आत. 'माणसं', 'नवीन माणूस'. नाव, तात्या.

भाची – आता लक्ष दे. खाली आकड्याची चौकट आहे. ती रिकामी ठेवलीस तर डबी मनाला येईल तो आकडा देईल, आणि ते नवेच तात्या होतील. जुनं काही त्यांचं राहणार नाही. तिथं आपण टाकायचं, एक हजार दोन.

मामी – एक, शून्य, शून्य, दोन. टाकलं. विचारतेय, कुठल्या गटात घालू? अहो, हे तुम्ही सांगायचं. तेवढ्यासाठीच थांबले होते मी.

मामा – किल्लीवाले. आणखी काय? होता तिथंच घाल.

मामी – झालं. आता 'फायली'. बघा हो, तुम्हीच वाचा.

मामा – 'ट्रे वळवणे. मालक, तात्या.' 'रोजची वही. मालक, तात्या.' आकडा गेला गं! सगळीकडे नाव आलं त्याचं! जादूच झाली.

भाची – जादू कसली? ते सगळं त्यांचंच होतं. फक्त ओळखायला कोणी नव्हतं. किती वाजले तिकडे?

मामा – एक मिनिट कमी आहे. गप्प बसा दोघी. पंख्याशिवाय काही ऐकू येत नाहीये... वळलं! वळलं, पोरी! ऐकलंस? मोठं वळलं, धाकटंही वळलं. हिरवा लागला दिवा. शाब्बास! अगं, हात दे, उठू दे मला.

मामी – सावकाश. तिथं पाणी सांडलंय.

भाची – हुश्श. मामा, पुढच्या आठवड्यात येऊन ते काम मी मशीनच्या नावावर करून टाकते. तात्यांना विचारून.

मामा – त्याला विचारून, हे बरोबर. आणि तापमान वाढवणार नाही, असं मी गिऱ्हाइकाला आत्ताच कळवतो. पिल्लं एकविसाव्या दिवशीच निघतील. हवी तर घे, नाहीतर राहू दे.

मामी – अजून एक चौकट रिकामी आहे. तात्यांचा पासवर्ड. तो त्यांनीच येऊन टाकायचा असतो.

मामा – म्हणजे बोलवायला हवं.

मामी – हवंच.

मामा – तू जातेस?

मामी – मी नाही जाणार.

मामा – काय म्हणू त्याला? मागच्या उन्हाळ्याचं कळलं म्हणू? माफी मागू? बावीस वर्षांत मी त्याला कधी बस सुद्धा म्हटलेलं नाही गं धड. तोंड कुठून उघडू?

मामी – जे येईल ते म्हणा. नाहीच काही आलं, तर पासवर्ड टाकायला ये एवढं म्हणा. त्यांना कळेल.

भाची – आणि मामा, तुझ्या गटाचं काय करायचं? मामीच्या हातात किल्ली आहे, म्हणालास तर आत्ता बदलेल.

मामा – मला राहू दे बघणाऱ्यांतच. तिथं असूनही आज मला काही दिसलं नाही. आधी तेवढं जमू दे. तो टॉवेल दे इकडे. खुंटीवरचा, त्याचा.

(मामा रस्त्यापलीकडे जातो. फोन ट्रेच्या गाड्यावर उघडाच आहे.)

भाची – मामी, दिसतंय का काही तिथून?

मामी – दिसतंय. तात्या उठून उभे राहिलेत. यांनी नुसता टॉवेल पुढे धरलाय. सायकलवाला उगीच चाक फिरवतोय, ऐकू येऊ नये म्हणून.

भाची – मग?

मामी – घेतला. खांद्यावर टाकला त्यांनी. हे परत येतायत. तात्या दुकानात हात धुतायत, हात धुतल्याशिवाय यायचे नाहीत ते शेडमध्ये.

भाची – मला रडू येतंय, मामी.

मामी – मी सकाळी रडून घेतलंय. आता हसायचं बाकी आहे. आले हे. काय हो, काय म्हणाले?

मामा – काही नाही. दोनचं वळण हातानं केलंत का, एवढंच विचारलं त्यानं.

मामी – मग तुम्ही काय सांगितलंत?

मामा – म्हटलं, हातानं नाही. तुझ्या नावानं झालं.